नव्या खोक्यातला जुना पार्ट

आमच्या घरात नव्या वस्तूच्या खोक्यात जुनी वस्तू ठेवतात. लग्न होऊन डोंबिवलीत आले तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाहेरच्या खोलीतला बल्ब गेला म्हणून मी कपाटातून बल्बचं खोकं काढलं, स्टुलावर चढले, बल्ब लावला, बटण दाबलं. अंधारच. दुसरं खोकं काढलं, त्यातलाही तसाच. मी दुकानदाराच्या नावाने खडे फोडायला लागले तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातून शांतपणे म्हणाल्या, "अगं, ते गेलेले बल्ब आहेत. चांगले शिवणाच्या डब्यात ठेवलेत."

गेलेले बल्ब ठेवायचेच कशाला, हा माझा प्रश्न त्यांना कळलाच नाही. नवा बल्ब लावला की खोकं रिकामं होतं. खोकं चांगलं दणकट असतं, ते टाकवत नाही. जुना बल्ब हातात असतो, तोही लगेच टाकवत नाही. मग दोघांची सोय एकमेकांत होते. त्याच न्यायाने आमच्याकडे मिक्सरच्या खोक्यात बंद पडलेला मिक्सर आहे आणि चपलांच्या खोक्यात टाच झिजलेल्या चपला. खोक्यावर काही लिहीत नाहीत, कारण आत जुनंच असणार हे घरात सगळ्यांना माहीत असतं.

माझा नवरा याच वळणावर गेलेला. त्यात तो मानपाड्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंत दिवसभर खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. मोटरसायकलचा कुठलाही पार्ट बदलला की तो गॅरेजवाल्याकडून जुना मागून घेतो. पार्ट खरंच बदलला की नुसता बदलला म्हणून सांगितलं, हे कळायला नको का? असा संशय घेणारा तो एकटा नाही. आमच्या सोसायटीतले निम्मे पुरुष गॅरेजमधून येताना हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी काळपट घेऊन येतात. आमच्याकडे ते काळपट नव्याच्या खोक्यात जातं आणि खोकं गॅलरीतल्या कपाटात.

माझं माहेर आंबिवलीजवळच्या गावातलं. तिथे याच्या बरोबर उलट. घरात भातशेती होती तेव्हा आम्हीही चिंधी जपून ठेवत असू, पण शेताच्या जागी दुकानांचे गाळे उभे राहिले तसं माझ्या भावाला जुनी वस्तू डोळ्यांसमोर चालेनाशी झाली. वस्तू कुरकुरली की ती बाहेर आणि नवी आत. या दोन घरांच्या मध्ये माझी बरीच वर्षं गेली, आणि सवयीने दोन्हीकडचं थोडं थोडं माझ्या अंगात मुरलं.

नवरा पडला तो कल्याण-शीळ रस्त्यावर. कारखान्यातून घरी येताना एका वळणावर खडी सांडलेली होती, तिच्यावरून मोटरसायकल घसरली. कुणी धडक दिली नाही, कुणाची चूक नाही, ज्याच्यावर आगपाखड करावी असं कुणी नव्हतंच. मी तेव्हा ठाण्यात होते. कोलशेतला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी काम करते. फोनवर अनोळखी आवाज होता आणि त्याचं पहिलं वाक्य होतं, "ताई, घाबरू नका." तेव्हापासून मला कुणी घाबरू नका म्हटलं की मी आधी घाबरते. उजव्या मांडीचं हाड मोडलं होतं. आत सळई घातली. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून डोकं शाबूत राहिलं.

शुद्धीवर येऊन थोडा सावरल्यावर नवऱ्याने पहिला प्रश्न विचारला, "गाडीला फार लागलंय का?" सगळे हसले. बघायला आलेल्यांनी ते वाक्य एकमेकांना सांगितलं. बघा, किती खमक्या आहे! मला मात्र त्या प्रश्नाने धडकी भरली. मी भिंतीशी उभी राहून विचार करत होते की हा पुन्हा त्या गाडीवर बसणार.

भावाने तर दवाखान्यातच निकाल देऊन टाकला. "बाय, ती गारी इकून टाक. जी गारी मानसाला पारते ती घरान ठेवाची नाय." मला ते शंभर टक्के पटलं. पण सासूबाई दुसऱ्याच टोकाला. येईल त्याला सांगायच्या, "तो गाडी चालवायला लागला ना, की मी समजेन माझा मुलगा बरा झाला." डॉक्टरही तपासणीच्या वेळी म्हणाले, हाड छान जुळलंय, आता गाडी चालवायला काहीच हरकत नाही. नवरा मान डोलावत होता. मीसुद्धा डोलावली.

मी तोंडाची फटकळ बाई आहे. मनात आलेलं बाहेर यायला माझ्याकडे वेळ लागत नाही. पण या एका बाबतीत माझी जीभ टाळ्याला चिकटली. माणसाने नुकती काठी सोडलेली. घरात चालताना तो अजून भिंतीला एक बोट टेकवायचा आणि आपण पाहिलं की बोट काढून घ्यायचा. अशा माणसाला गाडी चालवू नको म्हणायचं, म्हणजे तू पूर्वीचा राहिला नाहीस असं म्हणण्यासारखं. ते माझ्याच्याने झालं नाही. तो कंपनीच्या बसने कारखान्यात जायला लागला, गाडी खाली पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली पडून राहिली, आणि मी देवाला सांगितलं, हे असंच चालू दे.

देवाने फार दिवस ऐकलं नाही. एका रविवारी नाश्ता झाल्यावर नवरा म्हणाला, "गाडी काढतो आता. नुसती पडून सडतेय." गॅरेजमध्ये द्यायची नाही, गॅरेजवाला काय लावेल त्याचा भरवसा नाही, सगळं स्वतः करायचं. जुनी चादर, पान्यांची पेटी आणि कारखान्यात वापरतात तसला माप घ्यायचा व्हर्नियर घेऊन तो खाली गेला. मी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत कपडे वाळत घालायच्या निमित्ताने उभी राहिले. त्या दिवसापासून माझे रविवार गॅलरीत जायला लागले.

गाडीचं हँडल वाकलं होतं, पुढचा ब्रेक जाम झाला होता, क्लचची केबल तुटली होती. शिवाय इतके दिवस उभी राहून इंजिनही मुकं झालेलं. नवऱ्याने स्टेशनजवळच्या दुकानातून पार्ट आणले. खोकी कंपनीची, वर चकचकीत स्टिकर, सगळं झोकात. पण केबल लावली तर ती बोटभर आखूड. हँडल वळवलं की क्लच आपोआप ओढला जायचा. ओढूनताणून बसवली तर पहिल्यांदा क्लच दाबल्याबरोबर टोकाची शिशाची गुंडीच निखळून हातात आली. नवरा त्या गुंडीकडे बघत राहिला. मग वर बघून मला म्हणाला, "हे लोक माल बनवतात की थट्टा करतात?"

मी चेहरा पाडून म्हटलं, "अरेरे." आणि आत जाऊन भिंतीला टेकले. जीव भांड्यात पडला होता. एक रविवार टळला. त्या आनंदात मी शिरा केला, केळं घालून, तूप जरा जास्तच. काळ्या हातांनी वर आलेल्या नवऱ्यासमोर वाटी ठेवली तेव्हा तो म्हणाला, "तू किती समजून घेतेस गं." मी पदार्थ वाढण्यात फार गुंतल्यासारखं केलं.

पुढच्या खेपेला हँडलखालचा कोन सेट आणला. त्यात लोखंडी गोळ्या असतात, त्यांच्यावर हँडल फिरतं. या सेटमधल्या गोळ्याही एका मापाच्या नव्हत्या. हँडल फिरता फिरता एका जागी अडकायचं, धक्का दिला की सुटायचं. नवऱ्याने सगळ्या गोळ्या ताटलीत काढून एकेक मोजली आणि प्रत्येक मोजून झाली की "मापात नाही" म्हणाला. आमच्याकडे शिव्या देत नाहीत. "मापात नाही" ही त्याची सर्वांत मोठी शिवी. एकदा आमच्या एका नातेवाइकाबद्दल त्याने हेच म्हटलं होतं आणि त्यानंतर त्या माणसाकडे आमचं जाणं-येणं बंद झालं.

ब्रेक शूचं, म्हणजे ब्रेक दाबला की चाकाला आतून घट्ट धरतो त्या पार्टचं, तर विचारूच नका. तो जागेवर बसेचना. घासून बसवला, चाक फिरवलं, ब्रेक दाबला, तर वरचं अस्तर सोलून आलं. ते मी गॅलरीतून पाहिलं आणि या वेळी मला आनंद झाला नाही, अंगावर काटा आला. हाच शू दोन-चार दिवस टिकून रस्त्यावर सोलला असता तर? जुन्या बोल्टांचे आटे गेलेले होते. नवे बोल्ट इतके कच्चे की पाना जरा जोरात ओढला की डोकं तुटून वेगळं. एका बोल्टचा तुकडा आतच राहिला, तो काढण्यात आणखी एक सकाळ गेली. नवरा चिडायचा, घामाघूम व्हायचा, चादर झटकून वर यायचा. मी शिरा करायचे. सासूबाईंच्या लक्षात आलं असावं. एकदा त्या सहज म्हणाल्या, "हल्ली रविवारी गोडाचं फार होतंय."

डोंबिवलीतल्या मालावरचा विश्वास पुरता उडाल्यावर नवऱ्याने माझ्याकडे मोर्चा वळवला. "तू रोज ठाण्याला जातेसच. तिथून चांगले पार्ट आण ना." नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही. संध्याकाळी लॅबमधून सुटून स्टेशनकडे येताना मी एका गल्लीतल्या दुकानात गेले. काउंटरमागच्या म्हाताऱ्या दुकानदाराने विचारलं, "ताई, कंपनीचा देऊ की चालू?"

या प्रश्नाने मला जेवढा घाम फोडला तेवढा कुठल्या परीक्षेने फोडला नसेल. चालू, म्हणजे स्वस्तातला बिनकंपनीचा माल घेतला असता तर आणखी काही रविवार आरामात निघाले असते. पण समजा, तो चालू माल चालला? समजा गाडी सुरू झाली, नवरा रस्त्यावर गेला आणि ब्रेक दाबल्यावर तो शू सोलला? मला गाडी सुरू व्हायला नको होती, पण झालीच तर ती थांबायला मात्र हवी होती. "कंपनीचा," मी म्हटलं, "आणि ब्रेकचा एकदम नंबर एक द्या." डब्याच्या पिशवीत ब्रेक शू, केबल, कोन सेट आणि प्लग घेऊन मी घरी आले. जे नको त्याचंच ओझं आपण खांद्यावर वाहून आणतोय, याचा इतका राग आला की वाटेत एका रिक्षावाल्याशी कारण नसताना भांडले.

पण नवल म्हणजे हे पार्टही भिकार निघाले. नवरा रविवारी खाली गेला, बराच वेळ खुडबुड करून वर आला आणि म्हणाला, "प्लगला स्पार्कच धड नाही." पुढच्या रविवारी केबल अडकत होती. मग ब्रेक शू बसत नव्हता. मी शिरा करत होते, पण मनातून दुकानदारावर माझा पारा चढला होता. एवढं बजावून घेतलेला माल! मी सोमवारी थेट दुकानात जाऊन त्या म्हाताऱ्याला फैलावर घेतलं. तो बिचारा भांबावला. "ताई, या मालाची तक्रार कधी आलेली नाही. परत आणा ना तुम्ही, मी बघतो, बदलून देतो." घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, दे ते पार्ट, बदलून आणते. तो म्हणाला, "राहू दे गं. कशाला पुन्हा पुन्हा त्याच्या दारात जायचं? ठेवलेत मी कपाटात." मीही ताणलं नाही. मला कुठे घाई होती?

अशातच भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्या आगरी लोकांत लग्नापेक्षा हळदीचा थाट मोठा. मांडव, बँड, रात्रभर गाणी, सगळा गाव जेवायला. नवऱ्याने भावाला फोनवर छातीठोकपणे सांगितलं, "हळदीला आम्ही गाडीवरूनच येणार, पूर्वीसारखे." सासूबाईंनी लगेच गणपतीसमोर साखर ठेवली. माझी झोप उडाली. आंबिवलीचा रस्ता मला पाठ आहे. त्या रस्त्यावर कुठे खड्डा आहे, कुठे ट्रक वळतात, कुठे डांबर संपून खडी लागते, हे मी मनातल्या मनात घोकायला लागले. आता लपवण्यात अर्थ नाही, हळदीच्या आधी बोलायचं, असं रोज ठरवायचे आणि रोज पुढे ढकलायचे.

हळदीच्या आधीच्या रविवारी नवरा खाली गाडीशी बसला होता. मी भाचीसाठी चांदीचा करंडा आणला होता, तो नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत होता. द्यायला एखादं दणकट खोकं हवं होतं. आमच्या घरात रिकामं खोकं मिळणं अशक्य, हे एव्हाना सांगून झालंच आहे. मी गॅलरीतलं कपाट उघडलं. ब्रेक शूचं खोकं बरोबर करंड्याएवढं होतं. मी ठरवलं, आतला झिजलेला शू गुपचूप कचऱ्यात टाकायचा, वरून रंगीत कागद लावायचा, कुणाला पत्ता लागणार नाही.

खोकं उघडलं तर आत नवा ब्रेक शू. मला आधी काही वाटलं नाही. म्हटलं, बसत नाही म्हणून काढून ठेवला असेल. पण तो कधी बसवून बघितलेलाच नव्हता. अस्तर खरखरीत, कुठे काळा डाग नाही, ओरखडा नाही, कारखान्यातली पांढरी खूण जशीच्या तशी. दुसरं खोकं काढलं. त्यात केबल वेटोळं करून ठेवलेली, तिच्या भोवतीचं रबर अजून दुकानातलंच. प्लगच्या आट्यांवर पुठ्ठ्याची नळी तशीच चढवलेली. कोन सेटच्या गोळ्यांची पुडी फोडली होती, पण गोळ्या आरशासारख्या स्वच्छ. मी ठाण्याहून आणलेलं सगळंच्या सगळं तिथे होतं, आणि त्यातलं काहीच गाडीला लागलेलं नव्हतं.

पहिल्यांदा मला आला तो राग. मी डब्याच्या पिशवीतून हे वाहून आणलं, त्या म्हाताऱ्या दुकानदाराला चारचौघांत नाही नाही ते बोलले, आणि हा माणूस दर रविवारी वर येऊन मालाला नावं ठेवतोय! मी तरातरा कठड्याशी गेले, चांगलं झाडायचं म्हणून. खाली नवरा गाडीजवळच्या स्टुलावर बसला होता. हातात पाना होता आणि तो काहीच करत नव्हता. थोड्या वेळाने त्याने एक बोल्ट उचलला, फडक्याने पुसला, चादरीवर ठेवला. परत उचलला, परत पुसला. त्याचा दुसरा हात उजव्या मांडीवर होता.

माझा राग कुठे गेला कळलं नाही. मी तिथेच गॅलरीत खाली बसले, आणि मला हसू यायला लागलं. मग रडूही आलं. सासूबाईंनी आतून विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, खोकं सापडलं.

मी सगळी खोकी ओढणीत घेतली आणि खाली गेले. नवऱ्यासमोर चादरीवर ती ओतली.

"हे तू लावलेच नाहीस," मी म्हटलं.

त्याने खोक्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. नाकारायचा विचार त्याच्या डोळ्यांत क्षणभर आला आणि गेला. "पहिले खरंच भिकार होते गं," तो म्हणाला. "डोंबिवलीतले. देवाशपथ."

"आणि हे?"

"हे मापात आहेत." तो हळू बोलत होता. "तू आणलेस त्याच दिवशी मोजले मी. एकूण एक मापात. मोजून झाल्यावर माझे हातच गार पडले. आता गाडी सुरू होणार. मग मला बसावं लागणार."

मी त्याच्या शेजारी चादरीवर बसले. तो सांगत होता, म्हणून मी मध्ये बोलले नाही, आणि हे माझ्या बाबतीत फार क्वचित होतं. कंपनीच्या बसमध्ये ते वळण यायच्या आधी तो डोळे मिटून घेतो. शेजारचा समजतो, याला डुलकी लागली. गाडीवर नुसतं बसून बघितलं एकदा, स्टँडवर, बंद गाडीवर, तर मांडी थरथरायला लागली. "आई सगळ्यांना सांगत सुटली होती. डॉक्टर म्हणाले हरकत नाही. भीती वाटते म्हणून कसं सांगू? पार्टवर ढकललं की कुणी काही विचारत नव्हतं."

"मला सांगायचं होतंस."

"तुलाच तर सांगता येत नव्हतं," तो म्हणाला. "तू दर रविवारी वरून बघत उभी असायचीस. मला वाटायचं, तू वाट बघतेयस. आपण माहेरी जायचो गाडीवरून, तुला आवडायचं. बिघडलं की न चिडता शिरा करायचीस. ठाण्याहून पार्ट आणलेस. मी म्हटलं, हिची एवढी इच्छा आहे, तर हिला कुठल्या तोंडाने सांगू की मला आता जमत नाही?"

"अरे बाबा," मी म्हटलं, आणि माझा आवाज इतका चढला की दोन गाड्यांपलीकडे स्कूटर पुसणारे शेजारी वळून बघायला लागले. "मी वरून बघत होते ते गाडी सुरू होते की काय या भीतीने! तू पडलास त्या दिवसापासून मला ती गाडी डोळ्यांसमोर नको आहे. तू त्या रस्त्याला पुन्हा गाडी घालणार या विचाराने माझी झोप उडालीय. हळदीचं नाव काढलं की मला रस्त्यातली खडी दिसते!"

त्याने विचारलं, "मग शिरा?"

"आनंदाचा होता."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

तो हसायला लागला. पडल्यापासून त्याला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. हसता हसता त्याने पाना खाली ठेवला, डोळे पुसायला हात वर नेला आणि सगळ्या तोंडाला ग्रीस फासून घेतलं. मीही हसत होते. मला इतकं मोकळं वाटत होतं की शेजाऱ्यांनाही हाक मारून शिरा खायला बोलवावं असं वाटलं.

सासूबाईंना सांगायची जबाबदारी त्याने माझ्यावर ढकलली. मी घाबरत घाबरत सांगितलं की तो आता गाडी चालवणार नाही, विकून टाकायची म्हणतोय. त्यांनी हातातली भाजी निवडणं थांबवलं नाही. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "मला मेली ती गाडी कधीच आवडली नव्हती. तो मनाने खचू नये म्हणून मी आपली म्हणत होते." मी तिथून उठून गॅलरीत गेले, कारण त्यांच्यासमोर हसणं बरं दिसलं नसतं.

हळदीला आम्ही रिक्षाने गेलो. भावाने मांडवाच्या तोंडाशीच विचारलं, "काय रं दाजी, गारी कय हाय?" नवऱ्याने गाडी आणलीच नाही, विकतोय म्हणून सांगितलं. भावाने त्याला भर मांडवात मिठी मारली आणि चांगली मूठभर हळद त्याच्या गालांना फासली. बँडच्या गोंगाटात नवरा खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होता. थोड्या वेळाने बायकांनी ओढलं तसा उठून दोन पावलं नाचलाही, भिंत न धरता.

त्यानंतरच्या रविवारी तो पुन्हा खाली गेला. "विकायची असली तरी गाडी मापात हवी," असं म्हणून त्याने सगळे नवे पार्ट एका बैठकीत बसवले. मी गॅलरीत गेलेच नाही. कणीक मळत होते. खालून इंजिनाचा आवाज आला तेव्हा हात क्षणभर थांबले, एवढंच. जुने पार्ट आमच्या रिवाजाप्रमाणे नव्यांच्या खोक्यांत गेले आणि मी त्यावर अवाक्षर काढलं नाही.

गोळवलीचा एक इलेक्ट्रिशियन गाडी घ्यायला आला. कागदपत्रांचं सगळं आधीच झालं होतं. त्याने सोसायटीच्या आवारात एक चक्कर मारली, ब्रेक दाबून बघितला आणि खूश झाला. नवरा त्याला सोडायला तयार नव्हता. शू नवा आहे, सुरुवातीला हळू दाबा. केबलला महिन्याने तेल द्या. मग जरा थांबून म्हणाला, "आणि वळणावर खडी असते. सावकाश घ्या." इलेक्ट्रिशियन हो हो म्हणाला, हेल्मेटचा पट्टा लावला आणि निघाला.

आम्ही दोघं गेटपाशी उभे होतो. गाडीचा आवाज मानपाडा रस्त्याकडे वळला आणि बारीक होत गेला. इतकी वर्षं सकाळी तो आवाज असाच बारीक व्हायचा, आणि संध्याकाळी परत ऐकू येईपर्यंत मी लॅबमध्ये असले, बसमध्ये असले, तरी माझा एक कान तिकडे असायचा. आपण अशी वाट बघत जगतो हे मला त्या दिवशी गेटपाशी उभं राहून कळलं. गोळवलीत आता कुणीतरी असाच कान लावून बसलं असेल, हेही मनात आलं, आणि ब्रेक चांगला आहे याचं बरं वाटलं. मग आवाज पार ऐकू येईनासा झाला. गाडी गेली होती आणि नवरा माझ्या शेजारी उभा होता.